माझ्या श्वासाचं माप

‘तुमचं मशीन फार दिलदार आहे, साहेब,’ सर्व्हिसवाला म्हणाला, ‘शंभराला एकशे सतरा देतंय.’ तो गुडघ्यांवर बसून मशीनच्या मागच्या तारा काढत होता आणि हे त्याने अगदी सहज म्हटलं, शिंप्याने बाही जरा लांब झाली म्हणावं तसं. मी हसलो. या खोलीत हसायची मला सवय आहे, कारण इथे येणारा माणूस आधीच धास्तावलेला असतो आणि घाबरलेल्या छातीतून हवा नीट निघत नाही. त्याने स्वतःची तीन लिटरची सिरिंज आणली होती. सायकलच्या पंपाची थोरली बहीण म्हणावी अशी ही सिरिंज. तिच्यात बरोबर तीन लिटर हवा मावते, ती मशीनमध्ये ढकलायची आणि मशीनने तीन म्हणायचं. मशीन साडेतीन म्हणत होतं. त्याने पुन्हा ढकलली, पुन्हा साडेतीन. मग कोपऱ्यातली आमची जुनी सिरिंज लावली, तर तिचेही साडेतीन. म्हणजे आमची सिरिंज ठणठणीत होती. मग तो पडद्यावरच्या त्या पानात गेला जिथे सहसा कोणी जात नाही, आणि म्हणाला, इथला गुणक कोणीतरी हलवलाय, एक पाहिजे, एक पॉइंट एक सात आहे. कोणी हलवला असेल? मी म्हणालो, असेल कोणीतरी. त्याने गुणक एकवर आणला, अहवालाच्या तीन प्रती केल्या, माझी सही घेतली, चहा नको म्हणाला आणि गेला. त्या खोलीत अठरा वर्षं माझ्याशिवाय कोणी नाही.

मला दवाखान्यात फुंकमास्तर म्हणतात. छातीच्या विभागात तिसऱ्या मजल्यावर टोकाची खोली माझी. माणूस येतो, मी त्याच्या नाकाला चिमटा लावतो, पुठ्ठ्याची नळी तोंडात देतो आणि सांगतो, पूर्ण श्वास घ्या, आणि आता फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, संपली नाही, अजून. दिवसाला वीस-पंचवीस वेळा. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली हा मुख्य आकडा. त्या वयाच्या, त्या उंचीच्या धडधाकट माणसाच्या मानाने तो किती टक्के भरतो, ते कागदावर येतं, आणि ऐंशीच्या वर असला की मशीन स्वतःच ‘सौम्य’ असं छापतं. त्या एका शब्दावर लोक घरी जाताना जिना उतरतात की लिफ्टची वाट बघतात, ते मी दारातून पाहिलेलं आहे. आता मशीन खरं सांगतंय की नाही हे तपासायचे दोन मार्ग. एक सिरिंज. दुसरा, निरोगी छातीचा एक ठरलेला माणूस, ज्याने दर सोमवारी सकाळी पहिल्यांदा फुंकायचं. त्याचा आकडा माहीत असतो. तो बदलला तर मशीन बिघडलं. मी अठ्ठावीस वर्षांचा असताना आमच्या तेव्हाच्या मोठ्या डॉक्टरांनी मला निवडलं होतं. तू ओढत नाहीस, रोज पळतोस, तुझी छाती आमचं वजनमाप, असं ते म्हणाले होते, आणि तीन पॉइंट नऊ हा माझा आकडा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून भिंतीला चिकटवला होता. पगाराच्या कागदावर कधी छाती फुगली नाही. या कागदावर फुगली.

आणि मग नऊ वर्षांपूर्वीचा तो प्रकार. तोच माझ्या मुळावर आला. एका सोमवारी सिरिंज म्हणाली मशीन ठीक आहे आणि माझी छाती म्हणाली नाही. सगळे सिरिंजच्या बाजूने. मी हटून बसलो. शेवटी सिरिंज उघडली तर आतल्या रबरी चकतीला चीर गेलेली. हवा गळत होती आणि त्या गळक्या सिरिंजवर मशीन लावून ठेवलेलं. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्या विभागासमोर माझ्या पाठीवर थाप मारली. लोखंड खोटं बोललं आणि याची छाती खरं बोलली, असं म्हणाले. मी सदतीस वर्षांचा होतो आणि त्या दिवशी मला कोणी डॉक्टर व्हायला सांगितलं असतं तरी मी नको म्हणालो असतो. नवी चकती बसली. सहाएक महिन्यांनी माझा आकडा पुन्हा हलला, या वेळी जरा कमी आला. सिरिंज म्हणाली, मशीन ठीक. मी म्हटलं, झालं, सिरिंज पुन्हा खोटं बोलतेय. तेव्हा सर्व्हिसचा करार संपला होता आणि नवा कोणी केला नव्हता. मोठे डॉक्टर निवृत्त झाले होते. मी त्या पानात गेलो आणि गुणक थोडासा वर केला, माझा आकडा जागेवर येईपर्यंत. मग पुढच्या वर्षी आणखी थोडा. लबाडी अशी मी केली नाही, हे मला सांगायलाच हवं. वयामुळे माणसाची हवा दर वर्षी थोडी घटते. ती घट मी काटेकोरपणे माझ्या आकड्यातून वजा करायचो आणि मगच मशीन सरळ करायचो. तीन पॉइंट नऊचे आज छेचाळीसाव्या वर्षी तीन पॉइंट चार व्हायला हवेत, आणि मागच्या सोमवारपर्यंत ते बरोबर तीन पॉइंट चार येत होते. सर्व्हिसवाला गेल्यावर मी दार लावलं, नाकाला चिमटा लावला आणि फुंकलं. दोन पॉइंट नऊ. पुन्हा फुंकलं. दोन पॉइंट नऊ. पडद्यावर आलेखाची रेघ चढली आणि उतरताना मध्ये खचली, आत गेली. आजारी छातीची ती खूण मी हजारो वेळा पाहिलेली आहे. स्वतःचा आलेख मी कधी छापत नव्हतो. मापाला आकडा पुरतो. पण पडद्यावर तो दर सोमवारी येतच असणार, आणि डोळे तर मला आहेत.

हे एवढंच असतं तर मी आठवडाभर सुन्न राहिलो असतो आणि मग कोणाला तरी दाखवलं असतं. पण दादा आहे. माझा मोठा भाऊ, चार वर्षांनी मोठा, शाळेत भूगोल शिकवायचा. नद्यांची नावं घेताना त्याला धाप लागायला लागली आणि मुलं हसायला लागली तेव्हा तो पहिल्यांदा माझ्या खोलीत आला, सात वर्षांपूर्वी. सिगारेट तो ओढायचा, तरुणपणी भरपूर, पण त्याच्याही सात वर्षं आधी त्याने सोडली होती. सोडली असं तो सांगत होता. मी त्याला फुंकायला लावलं आणि आले ब्याऐंशी टक्के. सौम्य. मी मोठ्या मनाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग जिन्याच्या दुसऱ्या वळणावर तो बसू लागला, पिशवी उचलेना, अंघोळ करून आला की पलंगावर आडवा. दर सहा महिन्यांनी मी फुंकवायचो आणि आकडा त्याच्या त्या आडवं पडण्याच्या मानाने बराच बरा यायचा. वहिनीने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, भाऊजी, खरं सांगा, एवढं आहे का हो त्यांना? आणि मी, नाकाने कांदे सोलणारा, म्हणालो होतो की आकड्यांवरून तरी एवढं नाही. थोडा आळस आहे, थोडी भीती आहे, आणि मला वाटतं तो अजून चोरून ओढतो. मला वाटतं, एवढंच म्हटलं होतं. पण आकडे ज्याच्याकडे असतात त्याचं वाटणंसुद्धा आकड्यासारखंच ऐकलं जातं. त्या दिवसापासून वहिनी त्याच्या शर्टांचा वास घ्यायला लागली. खिसे, पाकीट, खिडकीची कड, बाथरूममधलं झरोक्याचं कपाट. ती भांडखोर बाई नाही. ती मूग गिळून शोधत राहायची, आणि दादा खुर्चीत बसून तिला शोधताना बघायचा. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. त्याने पाण्याचा तांब्या उचलला आणि धाप लागली म्हणून खाली ठेवला. मी म्हणालो, दादा, सोड ना आता खरंच. तो माझ्याकडे बघून म्हणाला, ‘सोडली आहे रे, किती वेळा सांगू.’ आवाज अगदी साधा होता. मी वहिनीकडे पाहिलं, वहिनीने माझ्याकडे. आता ती नजर आठवली की मला कुठे बघावं कळत नाही.

लहानपणी आम्ही बादलीत तोंड बुडवून श्वास धरायचो. वडील मनगटावरचं घड्याळ काढून वेळ लावायचे आणि एक जण वर आला की दुसऱ्याला टपली मारून सांगायचे, जिंकलास, ये वर. दादा नेहमी माझ्यानंतर वर यायचा. वडील म्हणायचे, या दोघांपैकी एक बेडूक आहे आणि एक माणूस, कोण कोण ते मोठेपणी कळेल. ते बेचाळीस पायऱ्या न थांबता चढून गच्चीवर कपडे वाळत घालायचे, सत्तराव्या वर्षीही. आईची छाती तर तिच्या आवाजावरूनच कळायची. खालच्या मजल्यावरची माणसं तिच्या हाकेला ओ द्यायची. त्यांच्याकडून आम्हांला काही आलं असेल तर ते दणकट हाड आणि लवकर पिकणारे केस, एवढंच आम्ही धरून चाललो होतो.

मंगळवारी नव्या डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं. विभागात येऊन त्यांना चारच महिने झालेत. त्या फार बोलत नाहीत आणि कागद दोनदा वाचतात. पंधरा दिवसांपूर्वी दादाचा स्कॅन बघून त्यांनी विचारलं होतं, हे सिगारेटचं दिसत नाही, सिगारेट फुफ्फुसं वरून खाते, यांची खालून गेलीत, तुमच्या घरात आणखी कोणाला? मी नाही म्हणालो होतो. त्यांनी दादाचं रक्त बाहेर पाठवलं होतं आणि आता अहवाल आला होता. त्यांनी मला बसवून, मी दवाखान्यातला आहे हे विसरून, एखाद्या नातेवाइकाला सांगतात तसं नीट सांगितलं. यकृतात एक प्रथिन तयार होतं. छातीत जंतूंशी लढणाऱ्या पेशी जे धारदार रस सोडतात, ते आपलंच मांस खाऊ नयेत म्हणून हे प्रथिन रक्तातून छातीत जाऊन राखण करतं. काही घराण्यांत त्याची घडण जन्मतः चुकलेली असते. मग ते यकृतातच अडकून पडतं आणि छाती उघडी राहते. आईकडून एक चुकलेली प्रत आली आणि वडिलांकडून एक, की झालं. आईवडील स्वतः ठणठणीत असू शकतात, कारण त्यांच्याकडे दुसरी प्रत चांगली असते. तुमच्या भावाच्या दोन्ही चुकलेल्या आहेत. मी विचारलं, बरं होतं का? गेलेलं परत येत नाही, त्या म्हणाल्या, उरलेलं राखता येतं. जितकं लवकर कळेल तितकं जास्त उरलेलं असतं. मग त्या म्हणाल्या, ‘एक गोष्ट त्यांनी फार चांगली केली. चौदा वर्षांपूर्वी सिगारेट सोडली. नाहीतर ते आज माझ्यासमोर बसले नसते. अशा माणसाला धुराचा एक झुरकासुद्धा परवडत नाही.’ मी मान हलवली. सख्ख्या भावंडाची शक्यता चारात एक असते, तुम्हीही रक्त द्या, हे त्यांनी उठता उठता सांगितलं. मी देतो म्हणालो आणि खोलीत येऊन बसलो. बाहेर बाकावर सात माणसं नंबर घेऊन बसली होती, आणि मी एकेकाला आत घेऊन फुंका, फुंका म्हणत राहिलो. त्या दिवशी सगळ्यांचेच आकडे पडले. एका बसड्रायव्हरने कागद बघून विचारलं, एवढ्यात इतकं कमी कसं झालं हो? मी म्हणालो, डॉक्टर सांगतील.

बायको संध्याकाळी म्हणाली, काय झालंय, दोन दिवस भिंतीशी बोलल्यासारखा बोलतोयस. मग म्हणाली, आणि हल्ली तू जिन्यात असताना फोन उचलत नाहीस, वर पोचलास की करतोस. तिने हे कधीपासून पाहिलं होतं कोण जाणे. मला ते माहीत नव्हतं. मला खरोखर माहीत नव्हतं की मी जिन्यात बोलत नाही. पळणं मी सोडलं ते गुडघ्यामुळे, असं मी सांगत आलो आणि गुडघ्यानेही कधी तक्रार केली नाही. अंथरुणावर पडून मी हिशेब लावत होतो की कोणत्या साली खरा आकडा काय असेल. दादाचे ते ब्याऐंशी खरे किती? तेव्हाच्या गुणकाने शहात्तर. शहात्तर असते तर ‘मध्यम’ छापून आलं असतं, तर तेव्हाच्या डॉक्टरांनी स्कॅन केला असता, तर कदाचित रक्तही. कदाचित. या कदाचितवर मी सकाळपर्यंत लोंबकळलो असतो, पण झोप लागली. असल्या रात्रीही मला झोप लागते याची मला लाज वाटली.

बुधवारी मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. सर्व्हिसचा अहवाल त्यांच्या टेबलावर होताच, त्यांनी वाचला नव्हता. मी सांगितलं, गुणक मी हलवला, दर वर्षी, नऊ वर्षं, माझ्या छातीप्रमाणे. त्यांनी कागद दोनदा वाचला. मला वाटलं होतं त्या ओरडतील आणि मला बरं वाटेल. त्या म्हणाल्या, नऊ वर्षांतल्या सगळ्या माणसांची यादी काढा, ज्यांना ज्यांना बोलावता येईल त्यांना परत बोलवायचं, वरिष्ठांना मी कळवते. मग म्हणाल्या, आधी खाली जाऊन रक्त द्या. खाली रक्त घेणारीने दंडाला पट्टा आवळताना विचारलं, फुंकमास्तर, तुम्हांला काय झालं? दहा दिवसांनी कळेल म्हणालो. मला काय कळायचं ते पडद्यावरच्या त्या खचलेल्या रेघेत कळलं होतं. यादी काढायला बसलो तर सहा हजारांवर नावं निघाली. त्यातली काही माणसं मला चेहऱ्याने आठवत होती आणि काही आता बोलावूनही येणार नव्हती, हे मला नावावरूनच ठाऊक होतं.

गुरुवारी दादा आला. वहिनी बरोबर होती. ती बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली. दादा लिफ्टने येऊनसुद्धा दारात थांबला, चौकटीला हात लावून, मग आला. त्याने स्वतःच चिमटा लावला, इतकी सवय. मी नेहमीसारखं फुंक, फुंक म्हणायच्या आत त्याने माझी वाट न बघता फुंकलं. एक्केचाळीस. सहा महिन्यांपूर्वीच्या कागदावर चौपन्न होते. तो आकडा बघून तो हसला आणि म्हणाला, आता तुझी वहिनी म्हणेल, बघा, दिवसाला पाकीट ओढतायत. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो. लहान भावाने मोठ्याला सांगायचं ते बसूनच सांगावं असं मला वाटलं. आधी रक्ताचं सांगितलं, आईचं आणि वडिलांचं आणि आपलं. मग मशीनचं. चौपन्न कधी नव्हतेच, सेहेचाळीस होते, ब्याऐंशीही नव्हते. तू जे सांगत होतास ते खरं होतं, दादा, जिन्यावर बसायचास तेही खरं होतं. मी तुला खोटं पाडलं. माझी स्वतःची छाती खचत होती आणि मी तिच्या मापाने तुला मोजत होतो. हे सगळं मी एका दमात बोललो आणि मला धाप लागली. त्याने ती पाहिली.

त्याने नळी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाला, ‘तुझंही असंच निघणार का?’ मी म्हणालो, निघेल बहुतेक. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आतापर्यंत मी कोरडा होतो, तिथे मात्र मला रडू आलं, आणि मी म्हणत राहिलो की तू सोडलीस म्हणून वाचलास, डॉक्टर स्वतः म्हणाल्या, चौदा वर्षांपूर्वी सोडलीस म्हणून. मला त्याला काहीतरी द्यायचं होतं आणि माझ्याकडे देण्यासारखं एवढंच होतं. त्याने हात काढून घेतला.

‘दोन वर्षं झाली,’ तो म्हणाला, ‘पुन्हा ओढतोय.’

मला आधी कळलंच नाही. तो दाराकडे बघत हळू आवाजात बोलत होता. ‘रोज खिसे तपासले जायचे. मी काही न ओढता चोर. तू यायचास तो उपदेश करून जायचास. एक दिवस दूध आणायला गेलो होतो, दुकानात समोर पाकिटं होती. म्हटलं, चोर तर आहोच, निदान माल तरी घेऊ. सकाळी एक, संध्याकाळी एक. कधी तीन.’ मग म्हणाला, ‘खरं सांगू का, पहिल्या दिवशी तिला वास आला ना, तेव्हा मला बरं वाटलं. इतकी वर्षं ती उगाच वास घेत होती बिचारी.’

मी विचारलं, आज? सकाळी ओढली, तो म्हणाला. मग म्हणाला, आता सोडतो, आजपासून, तुझी शपथ. आणि मी पाहिलं की माझा त्याच्यावर विश्वास बसत नाही. पाच वर्षं खरं बोलला तेव्हा बसला नव्हता, आता बसायला हवा होता, आणि तरीही नाही. डॉक्टरांना मी सांगणार, असं मी म्हणालो. सांग, तो म्हणाला, त्यांना सांग. ‘पण हिला नको. हिला जाऊन पहिलं तेवढं सांग, की मी ओढत नव्हतो. तुझ्या तोंडून सांग. माझ्या तोंडून तिला खरं वाटायचं नाही.’

मी तोंड धुतलं आणि बाहेर गेलो. वहिनी उठून उभी राहिली. मी तिला बसवलं आणि शेजारी बसलो, आणि रक्ताचं आणि मशीनचं सगळं सांगितलं. आईवडिलांकडून आलेलं, जन्मापासूनचं. चूक माझी, आकडे माझे, संशय मी घातला. ती ऐकत होती. पिशवीचा बंद तिने बोटाला गुंडाळला होता, बोट पांढरं पडलं होतं. ‘म्हणजे ते ओढत नव्हते?’ तिने विचारलं. मी नाही म्हणालो. ‘कधीच?’ मी म्हणालो, चौदा वर्षांत एकदाही नाही.

‘मग भाऊजी, मला वास कसला यायचा?’ ती म्हणाली. ‘मागच्या आठवड्यात ते दूध घेऊन आले, मी ओट्याशी उभी होते, मला स्पष्ट आला. काल आला.’

मी म्हणालो, भास असेल, वहिनी. मनात असलं की येतो.

तिने बोटाचा बंद सोडवला. माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं, आणि मान हलवली. ‘असेल,’ ती म्हणाली, ‘माझंच डोकं फिरलं असेल.’ मग ती उठली आणि आत त्याची माफी मागायला गेली.